जर्मन हिशेब आणि करपत्रांचे इंग्रजी भाषांतर : नवख्या अनुवादकांसाठी मार्गदर्शक

पुण्यात जर्मन शिकून भाषांतराच्या व्यवसायात उतरणाऱ्यांना सुरुवातीलाच जी कामे मिळतात, त्यांत ताळेबंद, नफा-तोटा पत्रके, करनिर्धारणाचे आदेश आणि जर्मनीत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींची पगारकराची प्रमाणपत्रे यांचा मोठा वाटा असतो. चाकण परिसरातील जर्मन कंपन्या, त्यांचे पुरवठादार आणि त्यांना सल्ला देणारी लेखापालांची कार्यालये यांना हे कागद इंग्रजीत हवे असतात. भाषेची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला माणूसही पहिल्या ताळेबंदापुढे अडखळतो, कारण वाक्ये सोपी असली तरी एकेका शब्दामागे एकेक कलम उभे असते. या लेखातील क्रम मी स्वतः वापरतो. त्याचा गाभा एवढाच आहे, की शब्दकोश उघडण्यापूर्वी कायदा उघडावा. जर्मन शब्द येथे साधारण उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत.

१. कागद कोणत्या चौकटीतला आहे ते आधी ठरवा

जर्मनीत एकाच कंपनीचे हिशेब तीन निरनिराळ्या चौकटींत मांडलेले आढळू शकतात. पहिली चौकट व्यापारी कायद्याची, म्हणजे 'हांडेल्सगेझेत्सबूख' या कायद्याची असून व्यवहारात त्याला एचजीबी असेच म्हणतात. हा कायदा १८९७ चा असून तो १ जानेवारी १९०० पासून लागू आहे, आणि हिशेबाचे नियम त्याच्या तिसऱ्या पुस्तकात कलम २३८ पासून सुरू होतात. दुसरी चौकट करकायद्यांची आहे. तिसरी आयएफआरएसची, म्हणजे आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानकांची असून, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या एकत्रित हिशेबांसाठी ती युरोपियन युनियनमध्ये २००५ पासून बंधनकारक आहे.

ही चौकट ओळखायला शब्दच मदत करतात. इंग्रजीत ज्याला सरसकट 'ॲसेट' म्हणतात, त्यासाठी एचजीबीमध्ये 'फेअरम्योगेन्सगेगेनश्टांट', करकायद्यात 'विर्टशाफ्ट्सगूट' आणि आयएफआरएसच्या जर्मन मजकुरात 'फेअरम्योगेन्सवेर्ट' असे तीन वेगळे शब्द आहेत. एकाच परिच्छेदात पहिले दोन शब्द शेजारी-शेजारी आले, तर लेखक व्यापारी हिशेब आणि करहिशेब यांची तुलना करतो आहे असे समजावे, आणि दोन्हींना नुसते 'ॲसेट' लिहून मोकळे होऊ नये. 'ॲसेट अंडर कमर्शियल लॉ' आणि 'ॲसेट फॉर टॅक्स पर्पजेस' असा भेद दाखवला नाही, तर तुमच्या वाचकाला त्या परिच्छेदाचा मुद्दाच कळणार नाही.

या दोन हिशेबांना 'हांडेल्सबिलांत्स' आणि 'श्टॉयरबिलांत्स' अशी नावे आहेत. येथे पहिला सापळा आहे. 'हांडेल्सबिलांत्स' या शब्दाचा अर्थशास्त्रातील अर्थ देशाच्या आयात-निर्यातीचा व्यापारशेष असा होतो, आणि शब्दकोशांत बहुधा तोच अर्थ आधी सापडतो. कंपनीच्या कागदात मात्र तो व्यापारी कायद्यानुसार केलेला ताळेबंद असतो. तेथे 'ट्रेड बॅलन्स' लिहिलेले दिसले, की अनुवादकाने विषय समजून घेतलेला नाही हे जाणकार वाचकाला पहिल्याच पानावर कळते.

हे दोन ताळेबंद एकमेकांशी बांधलेले असतात. व्यापारी ताळेबंद हा कराच्या हिशेबाचा आधार मानला जातो. या तत्त्वाला 'मासगेब्लिशकाइट' म्हणतात आणि ते आयकर कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. त्याला अपवादही पुष्कळ आहेत. उदाहरणार्थ, चालू करारातून तोटा होणार असे दिसत असेल, तर एचजीबीच्या कलम २४९ नुसार त्यासाठी तरतूद करणे सक्तीचे आहे, तर करहिशेबात नेमकी हीच तरतूद करायला मनाई आहे. हा फरक माहीत असला, की दोन ताळेबंदांत दोन वेगळे आकडे दिसल्यावर छपाईची चूक असेल असे वाटून तुम्ही ग्राहकाला विनाकारण पत्र लिहिणार नाही.

२. वाचक कोण आणि त्याची इंग्रजी कोणती, हे लेखी विचारून घ्या

लंडनमधील बँक, अमेरिकेतील मूळ कंपनी आणि मुंबईतील लेखापाल हे तिघे वेगवेगळी इंग्रजी वाचतात. काम स्वीकारतानाच वाचक कोण, कागद कशासाठी हवा आहे आणि ब्रिटिश, अमेरिकन की आयएफआरएसची परिभाषा वापरायची, हे ग्राहकाकडून पत्राने ठरवून घ्यावे. एकाच दस्तऐवजात 'टर्नओव्हर', 'सेल्स' आणि 'रेव्हेन्यू' हे तिन्ही शब्द 'उमझात्सएर्ल्योझे' या एकाच जर्मन ओळीसाठी वापरले गेले, तर वाचक तीन वेगवेगळे आकडे शोधू लागतो.

आपल्याकडच्या अनुवादकांसाठी येथे एक खास सावधगिरी आहे. भारतीय व्यवहारातील इंग्रजी आपल्या हाडीमाशी इतकी मुरलेली असते, की ती नकळत लेखणीत उतरते. 'उमझात्सश्टॉयर'ला, म्हणजे जर्मन मूल्यवर्धित कराला, 'जीएसटी' म्हणू नये, पगारातून कापलेल्या कराला 'टीडीएस' म्हणू नये, 'विर्टशाफ्ट्सप्र्युफर' या जर्मन लेखापरीक्षकाला 'चार्टर्ड अकाउंटंट' आणि 'जीएमबीएच' या मर्यादित दायित्वाच्या जर्मन कंपनीला 'प्रायव्हेट लिमिटेड' म्हणू नये. 'फेअरआनलागुंग्सत्साइटराउम' हा शब्द तर विशेष फसवा आहे. त्याचे भाषांतर 'असेसमेंट पीरियड' असे होते, आणि १९६१ च्या भारतीय आयकर कायद्यातील 'असेसमेंट इयर' लगेच डोळ्यांपुढे येते. त्या कायद्यातील असेसमेंट इयर हे उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष असे, तर जर्मन आयकरात २०२३ चा हा कालावधी म्हणजे २०२३ हेच कॅलेंडर वर्ष असते. भारतीय वाचकासाठी काम करत असाल, तर 'कॅलेंडर इयर' हे शब्द जोडून द्यावेत.

३. साधने आणि कागदपत्रे जमवा

काम हाती घेतल्यावर ग्राहकाकडून पुढील गोष्टी मागून घ्याव्यात:

- आधीच्या वर्षाचा जर्मन ताळेबंद आणि त्याचे इंग्रजी भाषांतर झाले असल्यास ते;
- कंपनीची स्वतःची शब्दसूची किंवा मूळ कंपनीच्या अहवालाचा इंग्रजी नमुना;
- लेखापरीक्षकाचा अहवाल असल्यास त्याची पूर्ण प्रत, केवळ शेवटचे पान नव्हे;
- खात्यांची यादी, म्हणजे 'कोन्टेनरामेन'. न्यूर्नबर्गच्या डाटेव्ह या संस्थेच्या एसकेआर ०३ आणि एसकेआर ०४ या याद्या सर्वाधिक वापरात आहेत, आणि अर्धवट लिहिलेले खात्याचे नाव त्याच्या क्रमांकावरून ओळखता येते.

तुमच्या स्वतःच्या मेजावर तीन साधने कायम उघडी असावीत. पहिले म्हणजे जर्मन न्याय मंत्रालयाचे 'गेझेत्से इम इंटरनेट' हे कायद्यांचे संकेतस्थळ, जेथे एचजीबी आणि करप्रक्रियेचा कायदा यांची इंग्रजी भाषांतरेही मोफत मिळतात. दुसरे म्हणजे युरोपियन युनियनचे 'युर-लेक्स', ज्यात एकाच कायद्याचे जर्मन आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी ठेवून वाचता येतात. २०१३ च्या हिशेबविषयक निर्देशाची परिशिष्टे आणि मूल्यवर्धित कराचा २००६ चा निर्देश हे दोन मजकूर उघडून बसलात, तर ताळेबंदाच्या आणि या कराच्या शब्दांचा मोठा भाग तेथेच तयार मिळतो. तिसरे साधन म्हणजे मोठ्या जर्मन कंपन्यांचे दोन्ही भाषांतील वार्षिक अहवाल. त्यातही गटाच्या एकत्रित हिशेबांऐवजी एकट्या मूळ कंपनीचे एचजीबीनुसार केलेले हिशेब शोधावेत, कारण एकत्रित हिशेब आयएफआरएसचे असतात आणि त्यांतील शब्द लहान जीएमबीएचच्या कागदाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

सामान्य द्विभाषिक शब्दकोश शेवटचा. सामूहिक योगदानातून चालणाऱ्या उदाहरण-वाक्यांच्या संकेतस्थळांवर चुकीची भाषांतरे एकमेकांकडून उचललेली असतात, म्हणून तेथे एखादा शब्द पुष्कळ वेळा दिसला म्हणजे तो बरोबर आहे असे मानू नये.

४. ताळेबंदाचा सांगाडा सर्वप्रथम उभा करा

भांडवली कंपन्यांच्या ताळेबंदाचा आराखडा एचजीबीच्या कलम २६६ मध्ये ओळीनिहाय दिला आहे आणि तो मनाला येईल तसा बदलता येत नाही. त्यामुळे भाषांतराची सुरुवात मजकुरापासून न करता या ओळींपासून करावी; एकदा त्या निश्चित झाल्या, की टिपांमध्ये तेच शब्द जसेच्या तसे वापरायचे असतात.

डाव्या बाजूला 'आक्टिवा' आणि उजव्या बाजूला 'पासिवा' असते. 'पासिवा'चे भाषांतर 'लायबिलिटीज' असे करणे हा नवख्यांच्या कामात वारंवार दिसणारा दोष आहे. त्या बाजूला मालकांचे भांडवल, तरतुदी, देणी, पुढील काळासाठी आगाऊ मिळालेले उत्पन्न आणि स्थगित करदायित्व असे सगळेच येते, म्हणून 'इक्विटी अँड लायबिलिटीज' असे लिहावे. प्रत्यक्ष देण्यांसाठी 'फेअरबिंडलिशकाइटेन' हा वेगळा शब्द आहे आणि 'लायबिलिटीज' त्याच्यासाठी राखून ठेवावा.

'रेखनुंग्सआबग्रेन्त्सुंग्सपोस्टेन' हा लांबलचक शब्द दोन्ही बाजूंना येतो, आणि तो कोणत्या बाजूला आहे यावर त्याचे भाषांतर अवलंबून असते. डावीकडे असेल तर तो आगाऊ भरलेला खर्च, म्हणजे 'प्रीपेड एक्स्पेन्सेस', आणि उजवीकडे असेल तर 'डिफर्ड इन्कम'. भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये तक्ता तुकड्यातुकड्यांनी उघडतो आणि ओळ कोणत्या बाजूची आहे ते दिसत नाही. त्यामुळे मूळ पीडीएफ शेजारी उघडी ठेवल्याशिवाय ही ओळ लिहू नये.

नफा-तोटा पत्रकासाठी कलम २७५ पाहावे. त्यात दोन पद्धती दिल्या आहेत. 'गेझाम्टकोस्टेनफेअरफारेन'मध्ये कच्चा माल, पगार, घसारा असा खर्चाच्या प्रकारानुसार हिशेब मांडतात, तर 'उमझात्सकोस्टेनफेअरफारेन'मध्ये उत्पादन, विक्री, प्रशासन अशा कार्यानुसार मांडतात. इंग्रजीत पहिलीला 'नेचर ऑफ एक्स्पेन्स मेथड' आणि दुसरीला 'कॉस्ट ऑफ सेल्स मेथड' म्हणतात. पहिल्या पद्धतीच्या पत्रकात 'कॉस्ट ऑफ सेल्स' ही ओळ नसते, म्हणून अमेरिकन ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी ती भाषांतरात निर्माण करू नये.

येथेच आणखी एक बारीक खाच आहे. कलम २७५ मध्ये 'एर्गेबनिस नाख श्टॉयर्न', म्हणजे 'करानंतरचा नफा', अशी ओळ आहे. तिच्यापुढे 'झोन्स्टिगे श्टॉयर्न', म्हणजे इतर कर, वजा होतात आणि त्यानंतर 'यारेसयुबरशुस' येतो. म्हणजे करानंतरचा नफा अजून सगळ्या करांनंतरचा नसतो. 'नेट इन्कम फॉर द इयर' हे शब्द शेवटच्या ओळीलाच द्यावेत आणि आधीच्या ओळीला 'प्रॉफिट आफ्टर इन्कम टॅक्सेस' असे काही स्पष्ट नाव द्यावे. त्याही पुढे 'बिलांत्सगेविन' दिसला, तर तो वर्षाचा नफा नसून मागील शिल्लक आणि राखीव निधीत झालेली भर किंवा काढलेली रक्कम हिशेबात घेऊन उरलेली रक्कम असते. त्याला 'नेट रिटेन्ड प्रॉफिट्स' किंवा 'अनअप्रोप्रिएटेड प्रॉफिट' म्हणतात; 'बॅलन्स शीट प्रॉफिट' हे भाषांतर इंग्रजी वाचकाला काहीच सांगत नाही.

'एर्गेबनिस' या शब्दाचे 'रिझल्ट' असे भाषांतर टाळावे. आकडा धन असेल तर 'प्रॉफिट', ऋण असेल तर 'लॉस', आणि मथळ्यात दोन्ही शक्यता असतील तर 'प्रॉफिट ऑर लॉस' असे लिहावे.

५. तरतूद, राखीव निधी आणि घसारा यांवर वेळ खर्च करा

'र्‍युकश्टेलुंग' आणि 'र्‍युकलागे' हे दोन शब्द दिसायला भावंडे आहेत, पण एकाची जागा दुसऱ्याला देता येत नाही. 'र्‍युकश्टेलुंग' म्हणजे तरतूद. देणे आहे हे ठाऊक आहे, किंवा तसे असण्याची दाट शक्यता आहे, पण रक्कम किंवा तारीख नक्की नाही, अशा वेळी ती केली जाते आणि तिने नफा कमी होतो. 'र्‍युकलागे' म्हणजे मालकांच्या भांडवलाचा भाग असलेला राखीव निधी, आपल्या जुन्या भाषेत गंगाजळी. इंग्रजीत पहिल्याला 'प्रोव्हिजन' आणि दुसऱ्याला 'रिझर्व्ह' म्हणावे. तरतुदीला 'रिझर्व्ह' लिहिले, तर कंपनीचे भांडवल आहे त्यापेक्षा मोठे दिसते, आणि कर्ज देणारी बँक त्या कागदावर निर्णय घेणार असेल तर ही गंभीर बाब ठरते.

अमेरिकन वाचकासाठी आणखी काळजी घ्यावी लागते. तेथे अशा तरतुदींना बऱ्याचदा 'ॲक्रुअल' किंवा 'ॲक्रूड लायबिलिटी' म्हणतात, आणि 'प्रोव्हिजन फॉर इन्कम टॅक्सेस' म्हणजे नफा-तोटा पत्रकातील कराचा खर्च. जर्मन ताळेबंदातील 'श्टॉयरर्‍युकश्टेलुंगेन', म्हणजे करांसाठीच्या तरतुदी, या ओळीला तेच नाव दिले, तर अमेरिकन लेखापाल ताळेबंदातील आकडा खर्चाच्या पत्रकात शोधत बसेल. उलट दिशेचा घोटाळाही आहे. जर्मनमध्ये 'प्रोविझिओन' म्हणजे दलाली, इंग्रजीत 'कमिशन'. 'प्रोविझिओन्सआउफवांट' ही ओळ दिसली, तर तो एजंटांना दिलेला मोबदला असतो.

घसाऱ्याच्या बाबतीत जर्मन एका शब्दावर भागवते आणि इंग्रजीला तीन लागतात. 'आबश्रायबुंग' यंत्रावर असेल तर 'डेप्रिसिएशन', सॉफ्टवेअर किंवा परवान्यासारख्या अमूर्त मालमत्तेवर असेल तर 'अमॉर्टायझेशन', आणि किंमत अचानक घटल्यामुळे असेल तर 'राइट-डाउन'. ताळेबंदात बहुधा सगळे एकत्र असते, तेव्हा तिन्ही शब्द जोडून लिहावे लागतात. 'इम्पेअरमेंट' हा शब्द आयएफआरएसच्या नियमांची आठवण करून देतो आणि त्यामागची गणनाच वेगळी असते, म्हणून 'आउसरप्लानमेसिगे आबश्रायबुंग'साठी, म्हणजे अशा अचानक घटीसाठी, एचजीबीच्या कागदात मी 'राइट-डाउन' हाच शब्द पसंत करतो. अनेक चांगले अनुवादक 'इम्पेअरमेंट' लिहितात हेही खरे. ग्राहकाची पसंती विचारून एक निवडावा आणि शेवटपर्यंत तोच ठेवावा.

करकायद्यात मात्र 'आबश्रायबुंग'ऐवजी 'आएफआ' हे संक्षिप्त रूप भेटते. ते 'आबझेत्सुंग फ्युर आबनुत्सुंग'चे लघुरूप असून आयकर कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे. त्याला 'टॅक्स डेप्रिसिएशन' म्हणावे. येणे बुडण्याची शक्यता धरून केलेली 'वेर्टबेरिश्टिगुंग' हा घसारा नव्हे. ती 'व्हॅल्युएशन अलाउन्स' किंवा 'बॅड डेट अलाउन्स' असते.

६. करांची नावे ठरावीक रूपात लिहा

'क्योर्परशाफ्टश्टॉयर' म्हणजे 'कॉर्पोरेट इन्कम टॅक्स'. त्याचा दर सध्या १५ टक्के असून, त्या कराच्या रकमेवर ५.५ टक्के 'सॉलिडॅरिटी सरचार्ज' लागतो. अधिभार नफ्यावर नसून करावर आहे, त्यामुळे दोन्ही मिळून १५.८२५ टक्के होतात. अनुवाद करताना 'ऑन द टॅक्स' हे शब्द गाळू नयेत.

'गेवेर्बेश्टॉयर'ला 'ट्रेड टॅक्स' म्हणतात आणि तो नगरपालिकेचा कर आहे. त्याच्या गणनेतील शब्द समजून घेतले, तर संपूर्ण आदेश सोपा होतो. व्यवसायाच्या उत्पन्नाला आधी ३.५ टक्के या 'श्टॉयरमेसत्साल'ने गुणतात आणि आलेल्या रकमेला नगरपालिकेच्या 'हेबेझात्स'ने, म्हणजे 'म्युनिसिपल मल्टिप्लायर'ने गुणतात. म्युनिकचा हेबेझात्स ४९० टक्के आहे, त्यामुळे तेथील जीएमबीएचच्या १,००,००० युरो उत्पन्नावर आधी ३,५०० युरो येतात आणि त्यांचे १७,१५० युरो कर होतो. हेबेझात्सला 'टॅक्स रेट' म्हटले, तर वाचकाला करच ४९० टक्के आहे असे वाटेल. या कराचे दोन आदेश निघतात हेही ध्यानात ठेवावे: आधाररकमेचा आदेश करकार्यालयाकडून आणि प्रत्यक्ष कराचा आदेश बहुतेक ठिकाणी नगरपालिकेकडून येतो. दोन्हींची इंग्रजी नावे वेगळी ठेवावीत.

'उमझात्सश्टॉयर' म्हणजे 'व्हॅल्यू ॲडेड टॅक्स'. बोलीत त्यालाच 'मेअरवेर्टश्टॉयर' म्हणतात, आणि मूळ मजकुरात दोन्ही आले तरी इंग्रजीत एकच शब्द ठेवावा. 'सेल्स टॅक्स' लिहू नये, कारण अमेरिकेतील तो कर केवळ शेवटच्या विक्रीवर लागतो. 'फोरश्टॉयर'चे शब्दशः 'आधीचा कर' किंवा 'प्री-टॅक्स' असे भाषांतर करणे हा मोठा गोंधळ आहे. तो खरेदीवर भरलेला आणि परत मिळणारा 'इनपुट टॅक्स' आहे. 'श्टॉयरबार' आणि 'श्टॉयरप्फ्लिश्टिश' या दोन विशेषणांना शब्दकोश 'टॅक्सेबल' असे एकच उत्तर देतो. पहिल्याचा अर्थ व्यवहार या कराच्या कक्षेत येतो एवढाच आहे. कक्षेत येऊनही तो करमुक्त असू शकतो. दुसऱ्याचा अर्थ कर खरोखर लागतो असा आहे. म्हणून पहिल्याला 'विदिन द स्कोप ऑफ व्हॅट' असे लिहिणे सुरक्षित असते.

'कापिटालएरट्रागश्टॉयर' हा 'कॅपिटल गेन्स टॅक्स' नाही. लाभांश, व्याज वगैरेंमधून उगमापाशी कापला जाणारा तो २५ टक्के कर आहे, आणि 'विथहोल्डिंग टॅक्स ऑन इन्व्हेस्टमेंट इन्कम' हे नाव त्याला बसते. भारत आणि जर्मनी यांच्यातील दुहेरी करआकारणी टाळण्याच्या १९९५ च्या कराराशी संबंधित पत्र असेल, तर स्वतःचे शब्द बनवू नयेत. कराराचा अधिकृत इंग्रजी मजकूर आहे आणि 'पर्मनंट एस्टॅब्लिशमेंट'सारखे शब्द त्यातूनच उचलावेत.

७. उत्पन्न आणि सूट यांचे जवळजवळचे शब्द वेगळे ठेवा

'आइननामेन', 'आइनक्युन्फ्टे' आणि 'आइनकोमेन' या तिघांनाही 'इन्कम' म्हणण्याचा मोह होतो. पहिले म्हणजे हाती आलेली एकूण रक्कम, म्हणून 'रिसीट्स'. दुसरे म्हणजे एखाद्या स्रोताचे, त्याचा खर्च वजा केल्यावरचे उत्पन्न; आयकर कायद्याच्या कलम २ मध्ये असे सात स्रोत आहेत, म्हणून 'नेट इन्कम फ्रॉम' असे लिहून स्रोत सांगावा. तिसरे सगळ्या स्रोतांची बेरीज करून वैयक्तिक वजावटी काढल्यानंतर येते, आणि 'त्सू फेअरश्टॉयर्न्डेस आइनकोमेन' म्हणजे 'टॅक्सेबल इन्कम' ही शेवटची पायरी.

नोकरदारांच्या कागदांत 'वेर्बुंग्सकोस्टेन' हा शब्द हमखास येतो. 'वेर्बुंग' म्हणजे जाहिरात, हे आपण पहिल्या इयत्तेच्या जर्मनमध्ये शिकलेलो असतो, आणि त्यामुळे एखाद्या अभियंत्याच्या करपत्रात जाहिरातखर्च अवतरतो. येथे तो उत्पन्न मिळवण्यासाठी केलेला खर्च आहे, 'इन्कम-रिलेटेड एक्स्पेन्सेस'. पगारदारांना त्यासाठी २०२३ पासून १,२३० युरोंची ठोक वजावट मिळते.

'फ्रायबेट्राग' आणि 'फ्रायग्रेन्त्से' यांतील फरक पैशाचा आहे. पहिल्यात ठरलेली रक्कम सर्वांनाच सोडली जाते: ट्रेड टॅक्समध्ये एकट्या व्यावसायिकाला २४,५०० युरोंचा 'फ्रायबेट्राग' आहे, म्हणून त्याचे उत्पन्न ३०,००० असेल तर ५,५०० युरोंचाच विचार होतो. दुसऱ्यात मर्यादा गाठली, की सारी रक्कम करपात्र होते: खासगी विक्रीच्या नफ्याला २०२४ पासून १,००० युरोंची 'फ्रायग्रेन्त्से' आहे, म्हणून ९९९ युरो पूर्ण मोकळे आणि १,००० युरो पूर्ण करपात्र. 'अलाउन्स' आणि 'एक्झेम्प्शन लिमिट' असे दोन शब्द ठेवावेत, आणि वाचक सामान्य माणूस असेल तर दुसऱ्या शब्दासोबत एक स्पष्टीकरणाची टीप द्यावी.

८. करकार्यालयाच्या पत्रांत मुदत आणि अटी आधी शोधा

'फिनांत्सआम्ट'कडून आलेला 'श्टॉयरबेशाइट' म्हणजे 'टॅक्स असेसमेंट नोटिस'. त्याविरुद्ध 'आइनश्प्रुख', म्हणजे 'ऑब्जेक्शन', एका महिन्यात नोंदवावा लागतो. ही माहिती पत्राच्या अखेरीस बारीक अक्षरांत असते आणि काही ग्राहक 'तेवढे सोडून द्या' असे सांगतात. तो भाग सोडू नये.

पहिल्या पानावर पुढील दोनपैकी एखादा शेरा असू शकतो आणि दोन्हींना 'प्रोव्हिजनल' म्हणून चालत नाही. 'उंटर डेम फोरबेहाल्ट डेअर नाखप्र्युफुंग' म्हणजे करप्रक्रिया कायद्याच्या कलम १६४ खाली संपूर्ण निर्धारण पुन्हा तपासण्यास खुले आहे, 'सब्जेक्ट टू रिव्ह्यू'. 'फोरलॉयफिश' म्हणजे कलम १६५ खाली ठरावीक मुद्द्यांपुरतेच ते तात्पुरते आहे, आणि 'प्रोव्हिजनल' हा शब्द याच्यासाठी ठेवावा.

'फेअरश्पेटुंग्सत्सूश्लाग' हा विवरणपत्र उशिरा भरल्याचा दंड आणि 'झॉयम्निसत्सूश्लाग' हा पैसे उशिरा भरल्याचा दंड. 'लेट फाइलिंग पेनल्टी' आणि 'लेट पेमेंट पेनल्टी' अशी नावे दिली, की गोंधळ होत नाही.

९. माणसे आणि त्यांची पदे

'श्टॉयरबेराटर'ला 'टॅक्स ॲडव्हायजर' म्हणता येते. 'विर्टशाफ्ट्सप्र्युफर' ही जर्मन कायद्याने दिलेली पदवी असल्यामुळे सहीखाली ती मूळ रूपात ठेवून शेजारी चौकटी कंसात 'जर्मन पब्लिक ऑडिटर' लिहिण्याची पद्धत आहे. तपासणी कोण करतो तेही पाहावे: 'आबश्लुसप्र्युफुंग' हे हिशेबाचे वैधानिक लेखापरीक्षण, तर 'बेट्रीब्सप्र्युफुंग' ही करखात्याने येऊन केलेली तपासणी. दोन्हींना नुसते 'ऑडिट' लिहू नये.

लेखापरीक्षकाचा अभिप्राय 'उनआइनगेश्रेंक्ट' असेल तर तो 'अनक्वालिफाइड', म्हणजे कोणतीही हरकत नसलेला. आपल्याकडे 'क्वालिफाइड' हा शब्द कौतुकाचा वाटतो, पण लेखापरीक्षणात तो हरकतीचा आहे; हे उलटे लिहिले गेले, तर चांगल्या कंपनीचे नुकसान होते.

१०. आकडे स्वतंत्रपणे तपासा

जर्मनमध्ये हजारांसाठी बिंदू आणि दशांशासाठी स्वल्पविराम असतो: १.२३४.५६७,८९ हे इंग्रजीत १,२३४,५६७.८९ होते. लाख-कोटींच्या सवयीने १२,३४,५६७ असे स्वल्पविराम पडू देऊ नयेत. 'टीईयूआर' म्हणजे हजार युरो. 'मिलिआर्डे' म्हणजे आपला अब्ज, इंग्रजीत 'बिलियन'. जर्मन 'बिलिओन' त्याच्या हजारपट असून इंग्रजीत तो 'ट्रिलियन' होतो. शब्दांचे काम संपल्यावर केवळ आकड्यांसाठी एक वेगळे वाचन करावे आणि प्रत्येक बेरीज स्वतः मारून पाहावी. मूळ जर्मन कागदातच बेरीज चुकलेली आढळली, तर ती गुपचूप दुरुस्त न करता ग्राहकाला कळवावे. छोटा फरक पूर्णांकात रूपांतर केल्यामुळेही असू शकतो.

११. शब्दसूची ठेवा आणि भाषांतराचा दर्जा लिहून द्या

प्रत्येक ग्राहकासाठी चार रकान्यांची सूची करावी: जर्मन शब्द, कायद्याचे कलम, निवडलेला इंग्रजी शब्द आणि नाकारलेला शब्द कारणासह. चौथा रकाना अनेकजण ठेवत नाहीत, पण पुढच्या वर्षी ग्राहकाचा नवा अधिकारी 'हा शब्द का नाही' असे विचारतो, तेव्हा तोच कामाला येतो.

एचजीबीच्या कलम २३९ नुसार हिशेबाच्या वह्या कोणत्याही जिवंत भाषेत ठेवता येतात, म्हणजे तत्त्वतः मराठीतही. पण वार्षिक ताळेबंद कलम २४४ नुसार जर्मन भाषेत आणि युरोतच करावा लागतो. त्यामुळे तुमचे इंग्रजी रूप हे नेहमी सोयीसाठी केलेले भाषांतर असते. पहिल्या पानावर 'कन्व्हीनियन्स ट्रान्सलेशन' असे लिहून मतभेद झाल्यास जर्मन मजकूर ग्राह्य धरावा ही ओळ जोडावी. कागद न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात सादर होणार असेल, तर शपथबद्ध अनुवादकाचे प्रमाणित भाषांतर लागते का, हे संबंधित कार्यालयाला आधीच विचारून घ्यावे. मुदत संपत आल्यावर हा प्रश्न निघाला, तर संपूर्ण काम दुसऱ्याकडून नव्याने करून घेण्याची वेळ येते आणि पैसे दोनदा मोजावे लागतात.